हातातला रेडिओ स्कॅनर: सांगली-साताऱ्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं टेबल आहे आणि त्याच्या वर भिंतीला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना चौकटीत लावलेला आहे. तो बघून महिन्यात चार-पाच जण तरी मोबाईल पुढे करतात, त्यावर एखाद्या स्कॅनरचा फोटो असतो आणि प्रश्न ठरलेला: "दादा, हे घेऊ का?" कृष्णेला पाणी चढायला लागलं की विचारणारे दुप्पट होतात. तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

स्कॅनर म्हणजे वॉकीटॉकीच ना?

नाही. वॉकीटॉकी बोलतो आणि ऐकतो, स्कॅनर फक्त ऐकतो. त्याला बोलायचं बटणच नसतं. साध्या एफएम रेडिओत तुम्ही एक स्टेशन लावून बसता. स्कॅनर तुम्ही भरून दिलेल्या शेकडो फ्रिक्वेन्सींवरून भराभर उड्या मारत जातो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. बोलणं संपलं की दोन सेकंद वाट पाहतो, मग पुढे पळतो. युनिडेनच्या बीसी १२५ एटी या लोकप्रिय सेटमध्ये ५०० जागा असतात, ५०-५० च्या दहा कप्प्यांत विभागलेल्या. आयकॉमच्या आर-६ मध्ये १,३०० जागा आहेत आणि तो शर्टाच्या खिशात मावतो.

नुसता जवळ ठेवला, वापरला नाही, तरी गुन्हा होतो का?

होऊ शकतो, आणि लोकांना पटत नाही ते नेमकं हेच. "मी कुठं बोलतोय, मी तर ऐकतोय" हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाही.

घरात जुनी ट्रंक असेल तर उघडून बघा. आजोबांच्या कागदांत पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडेल, दर वर्षाची फी भरल्याच्या शिक्क्यांसकट. घरात साधा मर्फी किंवा बुश ठेवायला तेव्हा परवाना लागायचा, कारण १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र *बाळगायलाच* मनाई केली होती, मग ते नुसतं ऐकणारं का असेना. पुढे १९८० च्या दशकात घरगुती रेडिओ-टीव्हीची ती कटकट गेली आणि पुस्तकं ट्रंकेत गेली. पण सूट मिळाली ती आकाशवाणीसारखं सार्वजनिक प्रसारण ऐकायच्या रेडिओला. एफएम जिथे संपतो त्या १०८ मेगाहर्ट्झच्या वर चढून कुणाचंही खाजगी बोलणं पकडणाऱ्या यंत्राला ती नव्हती. स्कॅनर त्यातच मोडतो.

आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय. तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय, पहिली मोठी कलमं २६ जून २०२४ पासून. रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत परवानगी हवी, हे तत्त्व त्यातही कायम आहे. आणि बेकायदा संदेश पकडण्याबद्दलचं ४२ वं कलम चांगलंच जड आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन कोटी म्हणजे दोनावर सात शून्यं. मी वकील नाही, पण एवढं वाचायला वकील लागत नाही.

मग यूट्यूबवर ती माणसं बिनधास्त पोलिसांचं ऐकतात, ती कशी?

ती अमेरिकेत असतात. तिथे स्कॅनर ठेवणं आणि साधं, उघडं बोलणं ऐकणं बहुतेक ठिकाणी कायदेशीर आहे. काही राज्यांत गाडीत ठेवायला बंधन आहे, आणि मोबाईलचे जुने ८०० मेगाहर्ट्झचे पट्टे स्कॅनरमध्ये कारखान्यातूनच बंद करून द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये उलटं: सेट दुकानात मिळतो, पण तुमच्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणं २००६ च्या त्यांच्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे एकच डबा ओहायोत छंद आहे, लंडनमध्ये अर्धा छंद आहे आणि सांगलीत परवान्याचा प्रश्न आहे. व्हिडिओ बघताना बोलणाऱ्याच्या मागे बर्फ पडतोय का ते बघत जा.

ऑनलाइन सर्रास विकायला असतात की! बेकायदा असतं तर विकलं असतं का?

विकलं, आणि म्हणूनच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये तेरा ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या. त्याच वर्षी वॉकीटॉकी आणि तत्सम रेडिओंच्या ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली: कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, मान्यता आहे का, हे विकणाऱ्याने जाहिरातीतच सांगायचं. तेव्हा "कार्टमध्ये टाका" हे बटण म्हणजे सरकारी परवानगी नव्हे.

बाहेरून मागवाल तर आणखी एक गंमत. माझ्या ओळखीच्या एका पोराने परवाना हातात नसताना परदेशातून सेट मागवला. पार्सल कस्टममध्ये अडकलं. कुठल्या कचेरीत ते राहू द्या. आधी एक पत्र आलं, मग दुसरं, मग मुंबईची खेप, मग "परवाना दाखवा". सेट गेला तो गेलाच, वर सहा महिने पोरगा पोस्टमन दिसला की आत पळायचा. त्याने परवाना नंतर काढला. आता तो माझ्यापेक्षा चांगला ऑपरेटर आहे.

पुरात पोलिसांचं किंवा बोटवाल्यांचं ऐकलं तर पाणी किती येणार ते आधी कळेल, मग त्यात वाईट काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा माणूस चोर नसतो, घाबरलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. ज्याच्या घरात पहिल्या मजल्यावर होडी लागली, त्याला पुन्हा पावसाळा आला की कान टवकारून बसावंसं वाटणारच.

तरी उत्तर नाही असंच आहे. कायदा बाजूला ठेवा, एक अनुभव सांगतो. त्याच पुरात आम्ही हॅम मंडळी आपल्या हक्काच्या फ्रिक्वेन्सीवर बोलत होतो आणि माझा सेट गच्चीवर चालू होता. वर आसऱ्याला शेजारचे दोघं-तिघं बसलेले. एक वाक्य अर्धं तुटून आलं: "...पाणी सोडलंय, अर्ध्या तासात पोचेल." झालं. शेजारचे काका खाली धावले आणि तिजोरी वर ओढायला लागले, त्यांच्यामागे सगळी गल्ली. मी परत विचारून घेईपर्यंत दहा मिनिटं गेली. तो गडी पिण्याच्या पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होता.

ही आमच्याच गप्पांतली, मराठीतली, ओळखीच्या माणसाच्या तोंडची गोष्ट. अनोळखी यंत्रणेचं बोलणं तर सांकेतिक, तुटक, निम्मं आकड्यांत असतं. त्यातला एक तुकडा ऐकून व्हॉट्सॲपवर टाकणारा माणूस पुरापेक्षा जास्त पळापळ घडवतो. वायरलेसवर बोलणाऱ्या हवालदाराला तुमची अफवा निस्तरायला आणखी एक फेरी मारावी लागते ती वेगळीच.

पाण्याचं खरं कळायला जागा आहेत. आयर्विनची पातळी आणि कोयनेचा विसर्ग जलसंपदा विभाग जाहीर करतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे घरातल्या पोरांनाही पाठ करून ठेवा. कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळते, तेव्हा धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आणि कऱ्हाडची पातळी दोन्ही एकत्र वाचायची सवय लावा. नुसतं धरणाचं बघून काही कळत नाही. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर आहे. आणि सेलवर चालणारा साधा रेडिओ घरात ठेवा, त्याला परवाना लागत नाही.

बरं, पोलिसांची फ्रिक्वेन्सी नुसती माहिती म्हणून सांगा.

नाही.

रेल्वेची? मिरज जंक्शन जवळच आहे म्हणून विचारलं.

तीही नाही. अग्निशमन दल, वनखातं, साखर कारखान्याची सुरक्षा, सगळ्यांना हेच उत्तर. आणि मोबाईलवरचं बोलणं कुठल्याच स्कॅनरला कळत नाही. ते पूर्ण डिजिटल आणि कुलूपबंद असतं, त्यामुळे "यावर फोन ऐकू येतात" म्हणून कोणी सेट गळ्यात मारत असेल तर तो तुम्हाला दोनदा फसवतोय.

चुकून काही ऐकू आलं तर?

होतं असं. फिरवता फिरवता मध्येच कोणी सापडतं. हॅम परवान्याच्या नियमांत याचं स्पष्ट उत्तर आहे: आपल्यासाठी नसलेला संदेश कानावर पडला तर त्यातला मजकूर कुणाला सांगायचा नाही, कुणी कुणाला पाठवला तेही नाही, असा संदेश होता एवढंसुद्धा नाही. लिहून ठेवायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही, कशासाठी वापरायचं नाही. पुढच्या चॅनेलवर जायचं आणि ती फ्रिक्वेन्सी "लॉकआउट" करून टाकायची, म्हणजे सेट पुन्हा तिथे थांबणारच नाही. बीसी १२५ एटीवर त्यासाठी वेगळं बटणच आहे. माझ्या सेटवर त्याच्या शेजारची अक्षरं पुसली गेलीत, इतकं मी ते दाबतो.

परवाना कुठला आणि कसा काढायचा?

हौशी माणसासाठी सरळ वाट म्हणजे हॅम, म्हणजे ॲमॅच्युअर रेडिओचा परवाना. केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा तो देते. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. शिक्षणाची मोठी अट नाही. माझ्याबरोबर एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि नववीतली एक मुलगी बसली होती आणि ती मुलगी आमच्या दोघांच्या आधी पेपर देऊन बाहेर पडली.

दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिल्याला हाकेची खूण, म्हणजे कॉलसाइन, व्हीयू३ ने सुरू होते, दुसऱ्याला व्हीयू२ ने. सुरुवात रिस्ट्रिक्टेडने करा, त्याला मोर्स कोडची भानगड नाही. पेपरात दोन भाग असतात: रेडिओचं साधं शास्त्र आणि नियम. शास्त्रात ओहमचा नियम, कॉइल-कपॅसिटर, तरंगलांबी, अँटेना. बारावी सायन्सचं अर्धं पुस्तक तुम्ही आधीच विसरलात तेच. नियमांत क्यू-कोड, कुठल्या पट्ट्यात काय चालतं आणि वर सांगितलेली गुप्तता. नापास होणारे बहुतेक नियमांत होतात, कारण ते सोपे वाटतात.

अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन जातो. आपल्या भागाला परीक्षेसाठी मुंबई सोयीची पडते. परवान्याची फी बरीच वर्षं वीस वर्षांसाठी १,००० रुपये आणि आयुष्यभरासाठी २,००० अशी होती. भरताना पोर्टलवर दिसेल तो आकडा खरा. कागदपत्रांना वेळ लागतो. काही महिने धरा आणि मध्येच चिडून सेट मागवू नका.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. हॅम परवाना मिळाला म्हणजे सगळं आकाश मोकळं झालं असं नाही. तुम्हाला हॅमचे पट्टे मिळतात: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, ४३४ ते ४३८, आणि शॉर्टवेव्हमधले काही. तुमच्या स्कॅनरमध्ये तेवढेच भरलेले असले पाहिजेत.

परवाना येईपर्यंत हात शिवशिवतात. काय करू?

कान तयार करा. त्याला पैसे लागत नाहीत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने आपला एक रिसीव्हर इंटरनेटवर खुला ठेवलाय. ब्राउझर उघडायचा आणि तिकडच्या गच्चीवरच्या अँटेनाने शॉर्टवेव्ह ऐकायचं. फ्रिक्वेन्सी फिरवणं, एएम आणि एसएसबी या दोन प्रसारण पद्धतींमधला फरक, फिल्टर अरुंद केल्यावर आवाज कसा बदलतो, हे सगळं तिथे शिकता येतं.

दुसरं, घरातला मीडियमवेव्ह रेडिओ. सांगली आकाशवाणीचा १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या पिढीला घराच्या नंबरासारखा पाठ आहे. दुपारी मीडियमवेव्हवर जवळचीच स्टेशनं लागतात. रात्री दहानंतर तोच रेडिओ घ्या आणि काटा अगदी सावकाश फिरवा. दक्षिणेतली, उत्तरेतली, समुद्रापलीकडची स्टेशनं एकावर एक चढलेली सापडतील. दिवसा वातावरणातला डी नावाचा थर या लहरी गिळतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून लांब जातात. मग रेडिओ हळूहळू वळवत जा. आतल्या फेराइट रॉडचं, म्हणजे अँटेनाच्या दांडीचं, टोक स्टेशनच्या दिशेला आलं की आवाज पडतो. एवढं ज्याला जमलं त्याला स्कॅनर एका दिवसात जमतो.

स्क्वेल्च किती ठेवायचा? माझा सेट एक तर सतत ओरडतो नाही तर मुका असतो.

ज्यांच्या हातात पहिल्यांदा सेट येतो त्यांचं ऐंशी टक्के दुखणं इथे असतं. स्क्वेल्च म्हणजे दारावरचा राखणदार. सिग्नल ठरावीक जोरापेक्षा कमी असेल तर तो स्पीकरचं तोंड बंद ठेवतो. पूर्ण उघडा ठेवलात तर सतत खरखर आणि स्कॅनिंग पहिल्याच चॅनेलवर अडकून पडतं, कारण सेटला वाटतं इथे कोणीतरी बोलतंय. फार घट्ट केलात तर लांबचा माणूस दारातूनच परत जातो.

रिकाम्या चॅनेलवर जा. स्क्वेल्च शून्यावर आणा, खरखर ऐका. आता एकेक पायरी वाढवा. खरखर जिथे बंद होते तिथे थांबा, आणि फार तर आणखी एक पायरी. बस्स. हे दिवसातून एकदा करायचं काम नाही. घरातून गच्चीवर गेलात तरी बदलतं, संध्याकाळी गल्लीतले दिवे लागले तरी बदलतं.

स्कॅन आणि सर्च यांत फरक काय?

स्कॅन म्हणजे तुम्ही भरलेल्या यादीतून फिरणं. सर्च म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं विंचरत जाणं. तुम्ही सर्चच्या हद्दी १४४ आणि १४६ एवढ्याच ठेवा. पायरी १२.५ किलोहर्ट्झ, मोड एनएफएम, म्हणजे अरुंद एफएम. मोड चुकला तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो आणि लोक सेट बिघडला म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. मी दहा रुपयेही घेत नाही, पण चहा पाजतात.

सेटबरोबर आलेला रबरी अँटेना पुरेसा आहे का? गच्चीवर काही लावू का?

रबरी अँटेना म्हणजे सगळ्या पायांत घालायचा एकच बूट. चालतो, पण चावतो. चांगला अँटेना स्वतः करा, खर्च दोनशे रुपयांच्या आत.

हिशेब असा: ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं, तो पाव तरंग. १४५ साठी साधारण ५२ सेंटीमीटर. धातूच्या तारेत लहर जरा हळू पळते म्हणून पाच टक्के कापा, उरले ४९. एक सॉकेट घ्या, मधल्या टोकाला ४९ सेंटीमीटरची पितळी किंवा तांब्याची सळी उभी डाखा, आणि चार कोपऱ्यांना जरा लांब अशा चार सळ्या खाली पंचेचाळीस अंशांत वाकवा. डिश टीव्हीची जुनी केबल पडून असेल तर तीच खाली आणा. ती ७५ ओहमची, सेट ५० ओहमचा. फक्त ऐकायला त्याने काही बिघडत नाही. जोडणी मात्र नीट डाखा आणि वरून रबरी टेप गुंडाळा. पहिल्या पावसात केबलमध्ये पाणी उतरलं की ती केबल फेकायचीच असते.

उंचीचा हिशेबही सोपा आहे. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर क्षितिज. सांगलीत दुमजली घराच्या गच्चीवर, म्हणजे नऊ मीटरवर, बारा किलोमीटर. समोरच्याचा अँटेनाही तेवढाच उंच असेल तर दोघांची बेरीज, चोवीस-पंचवीस. म्हणजे मिरज आरामात, तासगाव काठावर. साताऱ्यात मात्र गणित डोंगर करतो. अजिंक्यतारा शहरापेक्षा अडीचशे मीटरहून जास्त उंच आहे, तिथून कागदावर ६५ किलोमीटरचं क्षितिज निघतं, पण यवतेश्वराच्या बाजूला भिंतच उभी. त्याच किल्ल्याच्या सावलीतल्या पेठेत राहणाऱ्याला पलीकडच्या गावचा माणूस ऐकू येत नाही. साताऱ्याची मंडळी मला फोन करून सेटला शिव्या घालतात, तेव्हा मी आधी घर कुठे आहे ते विचारतो.

आणि वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला आभाळ काळं झालं की अँटेनाची केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाका. गडगडाट ऐकू आल्यावर नव्हे, त्याच्या आधी. वीज प्रत्यक्ष घरावरच पडावी लागते असं नाही, शेजारच्या नारळावर पडली तरी सेटचा सिग्नल घेणारा पुढचा भाग जातो. माझ्या टेबलाखाली अशा मेलेल्या सेटांचा एक खोका आहे.

घरात नुसता खरखराट येतो, गच्चीवर ठीक असतं. का?

तुमच्याच घरात कोणीतरी प्रसारण करतंय. शोधून काढा: सेट सेलवर चालू ठेवा, एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावा, स्क्वेल्च उघडा आणि घरचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर चोर घरात आहे. मग एकेक फ्यूज चढवत या. माझ्या घरी स्वस्तातला एलईडी बल्ब निघाला, देवघरातला. एका गिऱ्हाइकाकडे पाण्याच्या टाकीचा स्वयंचलित स्विच, एकाकडे इन्व्हर्टर, आणि निम्म्या घरांत मोबाईलचा बिननावाचा चार्जर. मेन पाडूनही खरखर राहिली तर ती शेजाऱ्यांची. तिथे मात्र जरा गोडीने बोला.

सेल कुठले घालू?

रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड, दोन. बीसी १२५ एटीत सेलच्या कप्प्यात एक अगदी बारीक सरकता स्विच असतो: एकीकडे साधे अल्कलाइन, दुसरीकडे चार्जिंगचे. तो चार्जिंगकडे ठेवून साधे सेल घातले आणि यूएसबी लावली तर सेट त्यांना चार्ज करायला लागतो, ते फुगतात, रस गळतो. मी हे स्वतः केलंय, रात्रभर लावून ठेवून. सकाळी कप्प्यात पांढरा-हिरवा भुगा आणि स्प्रिंग गायब. टूथब्रश आणि व्हिनेगरने तासभर घासलं तेव्हा सेट वाचला. दोन महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

परवाना आहे, पण आमच्या गावात हॅम कोणीच नाही. ऐकू काय?

वर बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटरवरून जातं आणि दिवसातून काही वेळा सांगली-साताऱ्याच्या टप्प्यात येतं. चांगली फेरी दहा मिनिटांची. त्यावर हॅमचा सेट आहे. बोलणं आणि चित्रं १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतात, आणि त्याचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारा सेट, ४३७.८०० वर ऐकू येतो. फेरी कधी आहे ते मोबाईलवरच्या ॲपमध्ये कळतं.

ते येतं सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेगाने, म्हणून रेल्वेच्या शिट्टीसारखी फ्रिक्वेन्सी सरकते. १४५ वर फरक साडेतीन किलोहर्ट्झचा, तो सेट पोटात घालतो. ४३७ वर मात्र दहा. त्यामुळे यादीत ओळीने ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५, .७९० भरून ठेवा आणि फेरी पुढे सरकेल तसं बटण दाबत एकेक खाली या.

काही ठरावीक दिवशी ते तिथून चित्रं पाठवतात. सेटमधून विचित्र चिवचिवाट येतो, रोबोट ३६ नावाचं ॲप चालू करून मोबाईल स्पीकरजवळ धरायचा आणि पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उमटत चित्र तयार होतं, साधारण दोन मिनिटांत. पहिलं चित्र मला गच्चीवर, एका हातात अँटेना आडवा-तिरपा धरून मिळालं. खालचा अर्धा भाग नुसता रंगीत भुगा, कारण तेवढ्यात स्थानक नारळाच्या झाडाआड गेलं. ते मी छापून परवान्याशेजारी लावलंय.

नोआ या अमेरिकी संस्थेच्या हवामान उपग्रहांवरून ढगांची चित्रं घ्यायची पूर्वी मोठी मजा होती. ते तिन्ही जुने उपग्रह २०२५ मध्ये बंद केले. रशियाचे मेटिओर अजून १३७ मेगाहर्ट्झवर पाठवतात, पण ते डिजिटल आहे, त्याला संगणक हवा.

आपत्तीत हॅम खरंच उपयोगी पडतात की नुसती मिरवणूक?

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हॅम रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात होत्या, व्हीयू४आरबीआय या खुणेवर जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायला गेलेल्या. बेटांचे फोन गेले आणि त्याच हौसेच्या सेटवरून लोक सुखरूप असल्याचे निरोप मुख्य भूमीवर पोचले. त्यांच्याकडे परवाना, सराव आणि परवानगी तिन्ही होतं म्हणून ते जमलं. पूर आल्यावर सेट विकत घेणाऱ्याला ते जमत नाही.

वासोट्याला जातोय, मोबाईलला रेंज नसते. दोन वॉकीटॉकी नेले तर?

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे, अर्ध्या वॉटचे, मान्यता असलेले सेट न्या. त्यांना वेगळा परवाना लागत नाही. लोणंद-फलटणला पालखीत स्वयंसेवक असतात त्यांनाही मी हेच सांगतो. जंगलात किलोमीटरभर धरा, मध्ये दांड आला की तेही नाही. दोन हजारांत मिळणारे ते पाच वॉटचे चिनी सेट मात्र नकोत. "बटण दाबणार नाही, फक्त ऐकणार" म्हटलं तरी ते प्रसारक यंत्रच. शिवाय वासोटा व्याघ्र प्रकल्पात येतो. वनखात्याच्या नाक्यावर पिशवी उघडली की तुमचं भाषण ऐकायला कोणी थांबत नाही.

संगणकाला लावायचा डोंगल चालेल का?

मुळात तो टीव्हीचा डोंगल. २०१२ च्या सुमारास लोकांना कळलं की त्यातून थेट रेडिओ लहरींची कच्ची माहिती काढता येते, आणि तो गरिबाचा स्कॅनर झाला. सुमारे २४ ते १,७०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळा पट्टा पडद्यावर धबधब्यासारखा दिसतो. शिकायला उत्तम. पण यंत्राचं नाव बदललं म्हणून कायदा बदलत नाही, वरची सगळी उत्तरं त्यालाही लागू.

सेट घेऊन कुठे जाऊ नये?

कोयना धरणाचा परिसर, विमानतळ, मंत्र्यांचा दौरा, मतदान केंद्र, मोर्चा. परवाना असला तरी. बाकी ठिकाणी परवान्याची प्रत सेटच्या कव्हरमध्येच ठेवा. पोलिसांनी विचारलं तर सेट त्यांच्या हातात द्या, चालू करून दाखवा, यादीत काय भरलंय ते दाखवा. मला कऱ्हाड नाक्यावर एकदा थांबवलं होतं. यादी बघून हवालदार म्हणाले, "एवढंच? यात तर कोणीच बोलत नाही."

जुना सेट विकायचाय.

परवानाधारकालाच विका, त्याच्या परवान्याची प्रत आणि तुमची सही केलेला कागद दोघांनी ठेवा. जाहिरात टाकून वाटेल त्याला देऊ नका.

तुमच्याकडे येऊन ऐकता येईल का?

रविवारी सकाळी या. स्थानकाची फेरी असेल तर आधी वेळ विचारून घ्या, ते कुणासाठी थांबत नाही. दुकान बंद दिसलं तर हाक मारा, मी गच्चीवर असतो. येताना दोन चांगले सेल आणलेत तर बरं.